मॉरिशसमधील परदेशी भांडवल : राजकीय व प्रशासकीय परिस्थिती

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील एक स्वतंत्र द्वीपराष्ट्र म्हणजे मॉरिशस. मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी.वर ते वसले असून रॉड्रिग्झ व इतर लहान बेटांसह त्याचे क्षेत्रफळ २,०४० चौ. किमी. आहे. लोकसंख्या सु. १२·३५ लाख (२०२२). राजधानी पोर्ट लुई. देशात महत्त्वाची खनिजे नाहीत. मोठ्या बाजारपेठा हजारो किलोमीटर दूर आहेत आणि उभे पीक झोडपून काढणारी चक्रीवादळे वारंवार येतात. वाढती लोकसंख्या आणि उसासारख्या एकाच पिकावरील अवलंबन यांमुळे या बेटाचे भवितव्य चिंताजनक आहे, असा निष्कर्ष ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या समितीने १९६१ मध्ये काढला होता. तथापि पुढील तीन दशकांत याच बेटावर हाँगकाँगच्या वस्त्रोद्योजकांनी कारखाने उभारले आणि नंतर भारतात येणाऱ्या परदेशी भांडवलाचा फार मोठा ओघ येथील नोंदणीकृत कंपन्यांमार्फत वाहू लागला.

या परिवर्तनाचे श्रेय सामान्यतः करसवलतींना दिले जाते. वस्तुतः तशाच सवलती त्या काळात अनेक नवस्वतंत्र देशांनी जाहीर केल्या होत्या. परंतु सर्वत्र भांडवल आले नाही. मॉरिशसचे वेगळेपण त्याच्या राजकीय तडजोडीत होते. मालमत्ता आणि आर्थिक सत्ता मुख्यत्वे अल्पसंख्य फ्रेंचवंशीयांकडे राहिली, तर मताधिकारामुळे शासन बहुसंख्य भारतवंशीयांच्या हाती आले. आणि संविधान व न्यायालये यांचे बंधन दोन्ही पक्षांनी मानले. या तडजोडीने परदेशी गुंतवणूकदाराला निर्धास्त केले. तिची किंमत मात्र निरनिराळ्या काळी निरनिराळ्या वर्गांना मोजावी लागली. मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासाला दुहेरी महत्त्व आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज मॉरिशसच्या नागरिकांत आहेत आणि मुंबईच्या भांडवल बाजाराशी या बेटाचा संबंध १९९२ पासून विशेष निकटचा झाला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी : डचांनी १६३८ मध्ये येथे पहिली वसाहत केली व १७१० मध्ये ती सोडून दिली. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेऊन त्याला ‘इल द फ्रान्स’ असे नाव दिले. माए द ला बूर्दोने या गव्हर्नराच्या कारकीर्दीत (१७३५–४६) पोर्ट लुई हे बंदर भरभराटीस आले व आफ्रिका-मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर ऊसमळे वाढीस लागले. डिसेंबर १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचा धर्म, कायदे, रूढी आणि खाजगी मालमत्ता अबाधित राखण्याचे त्यांनी मान्य केले. १८१४ च्या पॅरिस तहाने ब्रिटिश स्वामित्वावर शिक्कामोर्तब झाले. राज्यकर्ता बदलला, परंतु मळेवाले व त्यांचा फ्रेंच दिवाणी कायदा कायम राहिला. फ्रेंच दिवाणी संहिता आणि इंग्रजी सार्वजनिक कायदा यांचा आज तेथे दिसणारा मिलाफ या घटनेतून उद्भवला आहे.

या अटींमुळे मालमत्तेला मिळालेले संरक्षण १८३५ मधील गुलामगिरीच्या उच्चाटनाच्या वेळी प्रकर्षाने दिसून आले. मुक्त झालेल्या गुलामांना काही मिळाले नाही. त्यांच्या धन्यांना मात्र ब्रिटिश सरकारने सु. २१ लाख पौंड भरपाई दिली. या पैशाचा काही भाग साखरधंद्यात गुंतला. मॉरिशस कमर्शियल बँक ही आजही कार्यरत असलेली बँक १८३८ मध्ये स्थापन झाली. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील आयातशुल्क वेस्ट इंडीजच्या साखरेइतके केल्यामुळे धंद्याला आधीच चालना मिळाली होती. मजुरांचा प्रश्न भारतातून करारबद्ध मजूर आणून सोडविण्यात आला. १८३४ पासून सु. पाऊण शतकात या पद्धतीने सु. साडेचार लाख भारतीय मॉरिशसला आले. पोर्ट लुईमधील ज्या धक्क्यावर ते उतरत, त्याचा ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

मराठी मजूर : १८३८ नंतर काही काळ बंद ठेवलेली ही वाहतूक भारत सरकारने १८४२ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांपुरती पुन्हा खुली केली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी भागातील, मराठी भाषकांचा भरणा मोठा होता. भोजपुरी भाषकांच्या मानाने त्यांची संख्या अल्प होती. आजही मराठी समाज लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे. मळ्यावरील जिणे कष्टाचे होते. गैरहजेरीबद्दल दुप्पट वेतनकपात होई आणि १८६७ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय फिरणाऱ्या जुन्या मजुरास भटका म्हणून अटक करता येत असे. आडोल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांच्या वतीने अर्ज सादर केल्यानंतर राजनियुक्त आयोग नेमला गेला व १८७५ च्या त्याच्या अहवालाने या जुलमाची नोंद केली.

यानंतरची एक घडामोड पुढील राजकारणाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. साखरेचे भाव घसरल्याने अडचणीत आलेल्या मळेवाल्यांनी १८८० नंतर आपल्या जमिनीचे कडेचे व हलके तुकडे पाडून ते विकावयास काढले. काटकसरीने पैसा साठविलेल्या भारतीयांनी ते विकत घेतले व त्यांतून लहान ऊस-उत्पादकांचा वर्ग निर्माण झाला. जमिनीच्या खाजगी मालकीत अशा रीतीने मजुरांच्या वंशजांचेही हितसंबंध गुंतले. सत्ता हाती आल्यावर त्यांच्या नेत्यांनी मळे सरसकट जप्त केले नाहीत, याचे एक कारण येथे सापडते.

मताधिकार व संविधान : १८८६ च्या संविधानाने दिलेला मताधिकार मालमत्तेवर आधारलेला असल्यामुळे तो अगदी थोड्या लोकांपुरता मर्यादित होता. महात्मा गांधींनी १९०१ मध्ये मॉरिशसला भेट दिली. त्यांच्या प्रेरणेने १९०७ मध्ये तेथे गेलेले मणिलाल डॉक्टर यांनी मजुरांचे खटले चालविले. १९३६ मध्ये मॉरिस क्यूरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ मध्ये ऊस-उत्पादक व मजूर यांचे मोठे दंगे झाले. १९४७ च्या संविधानाने बेटावर बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढास मताधिकार दिला. त्यामुळे मतदारांची संख्या सु. १२ हजारांवरून सु. ७२ हजारांवर गेली. भारतीय भाषांच्या सायंशाळा व बैठका यांचे काम केवळ सांस्कृतिक राहिले नाही. मराठी अक्षरओळख ही मताचा हक्क मिळविण्याची वाट बनली. १९५९ मध्ये प्रौढ मताधिकार सर्वत्र लागू झाला.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. तत्पूर्वी १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून वेगळा काढला. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीला बहुमत मिळाले, परंतु सु. ४४ टक्के मते स्वातंत्र्यास विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुई येथे जातीय दंगली उसळून ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अशा वातावरणात अमलात आलेल्या संविधानात अल्पसंख्याकांच्या आश्वासनासाठी विशेष तरतुदी होत्या. विधिमंडळातील ६२ निर्वाचित सभासदांखेरीज जास्तीत जास्त आठ जागा ‘सर्वोत्तम पराभूत’ उमेदवारांमधून अल्पप्रतिनिधित्व असलेल्या जमातींना देण्याची सोय करण्यात आली. या हिशेबात मराठी, तमिळ व तेलुगू समाजांची स्वतंत्र गणना नसून ते हिंदू या जमातीत मोडतात.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने संविधानातील तीन तरतुदी महत्त्वाच्या होत्या : (१) आठव्या अनुच्छेदानुसार सार्वजनिक कारणाशिवाय आणि पुरेशा भरपाईशिवाय मालमत्ता सक्तीने घेता येत नाही व त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, (२) सनदी नोकरांच्या नेमणुका स्वायत्त आयोगाकडे आहेत, (३) अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडे जाते. १२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाल्यावरही यांपैकी शेवटची तरतूद कायम ठेवण्यात आली.

निर्यात-प्रक्रिया क्षेत्र : स्वातंत्र्यानंतर वाढत्या बेकारीमुळे शासनाने उद्योगधंद्यांकडे लक्ष वळविले. १९६९ मध्ये पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांनी स्वातंत्र्यास विरोध केलेल्या पक्षाला मंत्रिमंडळात घेतले आणि त्याचे नेते गाएताँ द्यूव्हाल यांच्याकडे परराष्ट्र खाते दिले. या संयुक्त सरकारमुळे फ्रेंचवंशीय मळेवाल्यांचा विश्वास परत मिळविता आला. तैवान व प्वेर्त रीको यांसारख्या बेटांच्या अनुभवाचा अभ्यास केलेले प्रा. एदुआर लिम फात यांच्या कल्पनेतून १९७० मध्ये निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा संमत झाला. यंत्रे व कच्चा माल यांवरील शुल्कमाफी, काही वर्षांपुरती प्राप्तिकरातून सूट आणि भांडवल व लाभांश परत नेण्याची मुभा या त्याच्या प्रमुख तरतुदी होत.

भारतातील कांडला (१९६५) व मुंबईतील सांताक्रूझ (१९७३) या क्षेत्रांना भिंतीची हद्द होती. मॉरिशसमध्ये मात्र विशिष्ट जागेऐवजी विशिष्ट उद्योगसंस्थेला प्रमाणपत्र देण्याची पद्धत ठेवण्यात आली. त्यामुळे कारखाना बेटावर कोठेही काढता येई. परिणामी शिवणकाम व लोकरी विणकाम यांचे कारखाने खेड्यापाड्यांच्या वेशीपर्यंत पोहोचले आणि पूर्वी घराबाहेर कामास न जाणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने त्यांत दाखल झाल्या. प्रमाणपत्र देणारा अधिकारीवर्ग लहान होता व निर्णय एकाच ठिकाणी होत असल्यामुळे उद्योजकाला अनेक कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नसत.

बाह्य परिस्थितीही अनुकूल होती. १९७५ च्या लोमे करारान्वये मॉरिशसची सु. पाच लाख टन साखर दरवर्षी युरोपीय समुदायाला ठराविक व सामान्यतः जागतिक भावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने विकली जाई; तयार कपड्यांनाही त्या बाजारपेठेत शुल्कमुक्त प्रवेश होता. वस्त्रनिर्यातीच्या आंतरराष्ट्रीय कोट्यांमुळे अडलेल्या हाँगकाँगच्या कारखानदारांना म्हणून हे बेट सोयीचे वाटले. मात्र या क्षेत्रातील सर्वच भांडवल परदेशी नव्हते, सु. निम्मे स्थानिक होते व त्याचा बराचसा भाग साखरेच्या नफ्यातून आला होता. देशातील धनिक आपला पैसा देशात ठेवीत आहेत, ही गोष्ट परक्या उद्योजकाला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक आश्वासक वाटणे स्वाभाविक होते.

राजकीय कसोटी (१९७१–८३) : या स्थैर्याची दुसरी बाजू कठोर होती. १९६९ मध्ये पॉल बेरांझे व त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या मॉरिशियन लढाऊ चळवळ (एमएमएम) या डाव्या पक्षाने गोदी व वाहतूक कामगारांत संघटना बांधल्या. १९७१ मधील संपानंतर डिसेंबरमध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. संघटनांचे नेते तुरुंगात गेले व वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. सार्वत्रिक निवडणूक १९७६ पर्यंत लांबविण्यात आली. १९७३ च्या औद्योगिक संबंध कायद्याने संपाच्या हक्कावर कडक मर्यादा घातल्या. निर्यात-क्षेत्रातील कामगारांना जादा काम नाकारण्याची फारशी मुभा नव्हती. तेथील कामगारकपातीचे नियमही मालकांना सोयीचे होते. स्त्रियांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी होते. गुंतवणूकदाराला मिळालेल्या निश्चिंतीचा फार मोठा भार अशा प्रकारे शिवणयंत्रावर बसलेल्या स्त्रीने उचलला.

१९७६ च्या निवडणुकीत एमएमएम हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु इतर पक्षांच्या आघाडीने सत्ता राखली. साखरेची १९७४-७५ मधील तेजी ओसरल्यावर परकीय चलनाची टंचाई निर्माण झाली. १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. त्या सुमारास बेकारी श्रमशक्तीच्या एक-पंचमांशाच्या आसपास पोहोचली होती. जून १९८२ च्या निवडणुकीत एमएमएमप्रणीत आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. काही साखर कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण हा या पक्षाच्या घोषित कार्यक्रमाचा भाग असल्यामुळे धनिक वर्गात धास्ती होती. प्रत्यक्षात अर्थमंत्री झालेल्या बेरांझे यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी ठरलेले काटकसरीचे धोरण चालू ठेवले. मार्च १९८३ मध्ये पक्ष फुटला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक होऊन अनिरुद्ध जगन्नाथ यांचे नवे सरकार आले. त्यानेही तेच आर्थिक धोरण पुढे नेले.

या दीड वर्षात दोनदा मतदान झाले, सत्तेत संपूर्ण पालट झाला आणि तरीही मालमत्तेला किंवा कराराला धक्का लागला नाही. मॉरिशसच्या इतिहासात या घटनेला आगळे स्थान आहे. आणीबाणीने जी शांतता दडपून राखली होती, ती आता मतपेटीतूनही राखता येते, हे सिद्ध झाले. हाँगकाँगच्या भवितव्याविषयी ब्रिटन व चीन यांचा १९८४ मध्ये करार झाल्यावर तेथील भांडवल दुसरा आसरा शोधू लागले, तेव्हा या अनुभवाचा मॉरिशसला लाभ झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यास निर्यात-क्षेत्राने साखरेला मागे टाकले. १९९० च्या सुमारास त्यात सु. ९०,००० कामगार होते व बेकारी जवळजवळ नाहीशी झाली होती. साखरेच्या निर्यातीवरील कर आणि वाढते महसुली उत्पन्न यांतून मोफत आरोग्यसेवा, वृद्धांचे निवृत्तिवेतन व १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण यांचा खर्च भागविला गेला. मालमत्तेला अभय व तिच्या उत्पन्नातून लोककल्याण, असे या तडजोडीचे व्यावहारिक रूप होते.

जमिनीविषयक निर्बंध : भांडवलाला मुक्त प्रवेश असला, तरी जमिनीच्या बाबतीत शासनाने सावध धोरण ठेवले. १९७५ च्या कायद्यान्वये परकीयांना शासनाच्या परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता घेता येत नाही. किनाऱ्यालगतचा पट्टा फ्रेंच काळापासून सरकारी मालकीचा असल्यामुळे बहुतेक किनारी हॉटेले भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत. २००२ मधील एकात्मिक विहारगृह योजनेने श्रीमंत परदेशीयांना ठराविक किमतीवरील घरे विकत घेण्याची वाट खुली केली. मात्र त्यामुळे उसाच्या शेतांच्या जागी भिंतीआडच्या वसाहती उभ्या राहून जमिनीचे भाव सामान्यांच्या आवाक्याबाहेर जातात, असा आक्षेप तेथे वारंवार घेतला जातो.

वित्तकेंद्र व भारताशी करार : भारत व मॉरिशस यांच्यात २४ ऑगस्ट १९८२ रोजी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला व १९८३ मध्ये तो अमलात आला. त्यातील तरतुदीनुसार समभागविक्रीतून होणाऱ्या भांडवली नफ्यावर विक्रेत्याच्या निवासाच्या देशालाच कर लावता येई. आणि मॉरिशस असा कर लावीत नसे. जवळजवळ दहा वर्षे या तरतुदीचा कोणी विशेष उपयोग केला नाही. १९९२ मध्ये दोन घटना एकत्र आल्या. भारताने परदेशी वित्तसंस्थांना आपला शेअरबाजार खुला केला आणि मॉरिशसने ऑफशोअर व्यवसायाविषयीचा, म्हणजे देशात नोंदलेल्या परंतु देशाबाहेर व्यवहार करणाऱ्या कंपन्यांविषयीचा, कायदा केला. १९९४ मध्ये परकीय चलनावरील नियंत्रणेही उठविण्यात आली. अमेरिका, युरोप वा अन्य देशांतील गुंतवणूकदार मॉरिशसमध्ये कंपनी नोंदवून तिच्यामार्फत मुंबईत समभाग घेऊ लागले.

याकरिता लागणारी प्रशासकीय व्यवस्था साधी पण काटेकोर होती. कंपनीचे किमान दोन संचालक तेथील रहिवासी असावेत, संचालक मंडळाच्या सभा तेथे भराव्यात, मुख्य बँकखाते व हिशेब तेथे असावेत, अशा अटी होत्या. त्यांची पूर्तता झाल्यावर तेथील करखाते निवासाचे प्रमाणपत्र देई. दोन भाषा जाणणारे लेखापाल व वकील, इंग्रजी-फ्रेंच मिश्र कायदा आणि मुंबई व लंडन यांच्या मधली कार्यालयीन वेळ यांचा या व्यवसायाला फायदा झाला. परदेशी पैशाबरोबरच भारतातून बाहेर गेलेला पैसाही याच मार्गाने परत येत असल्याचा संशय मात्र सतत व्यक्त होत राहिला.

मुंबईतील प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी २००० च्या आरंभी काही परदेशी संस्थांना या करारातील सवलत नाकारली, तेव्हा शेअरबाजार गडगडला. १३ एप्रिल २००० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून मॉरिशसचे निवास-प्रमाणपत्र हा पुरेसा पुरावा मानावा, असे ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे परिपत्रक रद्द केले. परंतु ‘आझादी बचाओ आंदोलन’ या संघटनेच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. विकसनशील देशाला भांडवल आकर्षित करण्यासाठी काही महसूल सोडून द्यावा लागू शकतो व तो निर्णय शासनाचा असतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. एप्रिल २००० पासूनच्या एकूण नोंदींत भारतातील थेट परदेशी गुंतवणुकीचा सु. एक-चतुर्थांश भाग मॉरिशसमार्गे आलेला दिसतो. त्यांपैकी मूळ मॉरिशसचे भांडवल अगदी अल्प होय.

१० मे २०१६ रोजी झालेल्या सुधारणेने चित्र पालटले. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भारतीय समभागांवरील नफ्यावर कर आकारण्याचा अधिकार भारताला मिळाला. त्यापूर्वीच्या गुंतवणुकीला मात्र संरक्षण देण्यात आले. ७ मार्च २०२४ रोजी आणखी एका मसुद्यावर सह्या झाल्या. करलाभ हा व्यवहाराच्या प्रमुख हेतूंपैकी एक असल्यास सवलत नाकारण्याची तरतूद त्यात आहे. दरम्यान फेब्रुवारी २०२१ मध्ये सही होऊन १ एप्रिल २०२१ पासून अमलात आलेल्या व्यापक आर्थिक सहकार्य व भागीदारी करारामुळे उभय देशांतील संबंधांना व्यापार व सेवा यांचे अधिक विस्तृत अधिष्ठान लाभले.

प्रशासन व न्यायव्यवस्था : २००५ हे मॉरिशसच्या दृष्टीने कठीण वर्ष होते. वस्त्रांच्या कोट्यांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था त्या वर्षाच्या प्रारंभी संपुष्टात आली, अनेक हाँगकाँगवाल्यांनी आपले कारखाने हलविले आणि युरोपने साखरेच्या हमीभावात ३६ टक्के कपात जाहीर केली. यावर उपाय म्हणून २००६ मध्ये निर्यात-क्षेत्राचा वेगळा कायदा रद्द करून सर्वच कंपन्यांना १५ टक्के असा समान कर लागू करण्यात आला. त्याच वर्षीच्या व्यवसाय-सुलभीकरण कायद्याने पूर्वपरवानगीऐवजी नियम पाळण्याची हमी आणि नंतर तपासणी हे तत्त्व स्वीकारले. परदेशी तज्ञांसाठी काम व वास्तव्य यांचा एकत्रित परवाना सुरू झाला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या गुंतवणूक मंडळाचे काम २०१८ पासून आर्थिक विकास मंडळाकडे आले.

सरकार बदलल्यावर करार टिकतो का, या प्रश्नाची अलीकडील कसोटी पेट्रोलियम-वाहतुकीच्या एका प्रकरणात लागली. राज्य व्यापार महामंडळाने २००९ मध्ये बेटामॅक्स या कंपनीशी इंधन वाहून आणण्याचा पंधरा वर्षांचा करार केला होता. डिसेंबर २०१४ मधील सत्तांतरानंतर नव्या मंत्रिमंडळाने तो जानेवारी २०१५ मध्ये संपुष्टात आणला. लवादाने २०१७ मध्ये कंपनीला सु. ११·५ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निवाडा रद्द ठरविला. परंतु १४ जून २०२१ रोजी प्रिव्ही कौन्सिलने तो पुनःस्थापित केला. गुंतवणूकदारांना या निकालाने दिलासा मिळाला. मात्र त्याचा आर्थिक बोजा सार्वजनिक तिजोरीवर पडला आणि स्वतंत्र राष्ट्राचा अंतिम न्याय परदेशात व्हावा काय, हा जुना प्रश्नही पुन्हा पुढे आला.

आर्थिक कृती दलाने फेब्रुवारी २०२० मध्ये अवैध पैशाच्या प्रतिबंधातील त्रुटींमुळे मॉरिशसचा समावेश ‘करड्या यादी’त केला. आवश्यक सुधारणा केल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये तो वगळण्यात आला. लाचलुचपतविरोधी स्वतंत्र आयोग २००२ पासून होता. त्याची जागा २०२४ मध्ये वित्तीय गुन्हे आयोगाने घेतली. राजकीय सत्ता प्रामुख्याने मोजक्या घराण्यांत फिरत राहिली आहे. तथापि सत्तांतरे मतदानाने व शांततेने होतात. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत मतदारांनी प्रविंद जगन्नाथ यांचे सरकार पाडले व नवीनचंद्र रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले.

मूल्यमापन : परदेशी गुंतवणूकदार करदराकडे पाहून येतो, परंतु न्यायालय, प्रशासन आणि सत्तांतराची रीत पाहून टिकतो, असे मॉरिशसच्या अनुभवावरून दिसते. करसवलत एका अधिसूचनेने देता येते व एका करारदुरुस्तीने नाहीशीही होते. भारताशी झालेल्या करारातील २०१६ च्या बदलाने हे स्पष्ट केले. त्यानंतरही हे वित्तकेंद्र कोसळले नाही आणि ते आफ्रिका खंडातील गुंतवणुकीकडे वळू शकले, याचे कारण दीर्घकाळ रुजलेल्या संस्थांत आहे.

त्याचबरोबर या संस्थांचा उगम निर्मळ नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. १८१० मध्ये मिळालेल्या मालमत्तेच्या अभयात माणसांची मालकीही समाविष्ट होती. १८३५ ची भरपाई धन्यांना मिळाली आणि १९७० नंतरच्या औद्योगिक शांततेची किंमत कामगारांनी मोजली. आज अनेक कारखान्यांतून बांगलादेश, भारत आदी देशांतून मुदतीच्या करारावर आणलेले कामगार राबतात आणि त्यांच्या राहण्याच्या सोयी व पासपोर्ट मालकांकडे ठेवून घेतले जाण्याचे प्रकार यांविषयी तक्रारी उद्भवतात. करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी चालविलेल्या राष्ट्रात हा विषय विशेष संवेदनशील ठरतो. मराठी समाजाचा इतिहास या साऱ्या प्रवासाचे लहान प्रमाणावरील प्रतिबिंब होय. करारपत्रावर अंगठा उठवून गेलेल्यांचे वंशज पुढे जमिनीचे तुकडे घेऊन ऊस-उत्पादक बनले, मातृभाषेच्या अक्षरओळखीवर मतदार झाले आणि शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी म्हणून त्याच प्रशासनाचा भाग बनले. परदेशी भांडवलाला जी निश्चितता या बेटाने दिली, तीच निश्चितता तेथे राबणाऱ्या प्रत्येक माणसाला कितपत मिळते, यावर या तडजोडीचे अंतिम मोल ठरेल.